वायूला लगाम



आज ज्या वस्तूविषयीं मी बोलणार आहें ती आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं आहे. दिवसांतून दोनदां तरी तिला आपला हात लागतो; पण तिच्याकडे लक्ष देऊन पाहिल्याचें फारच थोड्यांस आठवेल. स्वयंपाकघराच्या ओट्याखालीं गॅसची टाकी असते आणि त्या टाकीच्या डोक्यावर, टोपी घातल्यासारखी, एक चपटी धातूची डबी बसविलेली असते. तिला आपण रेग्युलेटर म्हणतों. तिला दाबनियामक म्हणावें असें भाषाशुद्धीचे अभिमानी सुचवितील, आणि शब्द वाईट नाहीं. परंतु टाकी घेऊन आलेल्या माणसापुढें तो उच्चारला तर तो घर चुकलें असें समजून परत जाईल. म्हणून मी आपला रूढ शब्दच वापरतों.

हा विषय मला सुचला तो एका प्रसंगामुळें, आणि त्या प्रसंगांत चूक माझी होती. धंतोलींत माझे एक स्नेही राहतात. नोकरींतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं एक मोठी बंद मोटार घेतली, तिच्यांत निजावयाच्या दोन फळ्या, एक लहानशी शेगडी आणि पाण्याची टाकी बसविली, आणि पतिपत्नींनीं नागपुराहून थेट श्रीनगरपर्यंत जावयाचें ठरविलें. वाट शोधावयास नको. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आपल्या नागपुरावरूनच जातो. अशा फिरत्या घराला कॅम्पर व्हॅन म्हणतात, आणि महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं अशा गाड्यांच्या पर्यटनासाठीं स्वतंत्र धोरणहि जाहीर केलें. काश्मीरच्या थंडीसाठीं माझ्या स्नेह्यांनीं कोठून तरी गॅसवर चालणारा एक जुना जर्मन हीटर पैदा केला होता. “मास्तर,” ते मला म्हणाले, “तुम्ही जन्मभर मुलांना पदार्थविज्ञान शिकविलेंत. याला रेग्युलेटर कोणता लावूं तें सांगा.” मीं हीटरकडे नीट न पाहतांच सांगून टाकलें, “घरच्या शेगडीला असतो तोच लावा. शेवटीं गॅस तो गॅसच.”

या उत्तरांत काय चुकलें तें कळावयास थोडें मागें गेलें पाहिजे.

कोळसा बंद भांड्यांत तापविला म्हणजे त्यांतून जळणारा वायु निघतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक होती. पण विल्यम मर्डॉक या स्कॉटिश यंत्रज्ञानें १७९२ सालीं कॉर्नवॉलमधील रेडरथ गांवीं आपल्या घरांत त्या वायूचे दिवे लावले, तेव्हांपासून तिला व्यवहारांत स्थान मिळालें. १८०७ सालीं लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर असे दिवे लागले आणि १८१२ सालीं तेथें वायु पुरविणारी मोठी कंपनी निघाली. कंपनी निघाली तशी एक अडचणहि निघाली. संध्याकाळीं सगळीं घरें एकदम दिवे लावीत, तेव्हां नळांतील वायूचा दाब उतरे आणि ज्योती मलूल होत. रात्रीं उशीरां बहुतेक दिवे मालविले जात, तेव्हां तोच दाब चढे आणि जे थोडे दिवे जागे राहिलेले असत त्यांच्या ज्योती उंच होऊन कांचा काळ्या करीत. म्हणजे एकाच्या घरांतील दिव्याचें सुखदुःख शेजाऱ्याच्या झोपण्यावर अवलंबून.

यावर उपाय काढला तो त्या कंपनीचा यंत्रज्ञ सॅम्युअल क्लेग यानें. त्यानें पाण्यांत तरंगणारी एक पालथी घंटा केली आणि तिच्या पोटाशीं निमुळता शंकु टांगून तो नळाच्या तोंडांत सोडला. दाब वाढला कीं घंटा वर उचलली जाई व शंकूनें नळाचें तोंड आकुंचित होई. दाब उतरला कीं घंटा खालीं बसे व तोंड मोकळें होई. कोणी माणूस पहारा करीत बसावयास नको. वायूच आपला लगाम आपल्या हातानें ओढतो. आपल्या ओट्याखालील डबीचा हा पणजोबा म्हणावयास हरकत नाहीं.

आपल्या देशांत हा वायु प्रथम कलकत्त्यास आला. तेथें १८५७ सालीं रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. मुंबईस ते लागले १८६५ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत. सायंकाळीं दिवे लावणारा माणूस खांबाखांबाशीं जाऊन दिवा पेटवी, आणि त्याच्यामागें लोकांची गर्दी चाले, असें जुन्या मुंबईचीं वर्णनें सांगतात. आपल्या नागपूरकरांच्या बालपणींचा उजेड मात्र घासलेटाचा, आणि आंच दगडी कोळशाची. कामठी, कन्हान, उमरेड हा सगळा कोळशाचा मुलूख हाताशीं. तेव्हां कोळशाची शेगडी अंगणांत पेटवून धूर ओसरला कीं ती उचलून घरांत आणावयाची, हा सकाळचा पहिला विधि. घाई असली तर पितळेचा स्टोव्ह. हा स्टोव्हहि दाबावरच चाले. फरक एवढाच कीं त्याचा रेग्युलेटर म्हणजे आमची आई होती. ज्योत बसली कीं दोन पंप मारी, फुरफुरली कीं किल्ली सैल करी.

नळांतील वायूचा दाब अगदीं अल्प असे. तो पाण्याच्या इंचांनीं मोजीत. खरें कठीण काम आलें तें वायु दाबून टाकींत भरूं लागल्यावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनींत बिअरच्या दुकानांतून कार्बन डायॉक्साइडच्या पोलादी टाक्या वापरूं लागले. टाकींतील दाब प्रचंड, पिपाला हवा असलेला दाब थोडा. मध्यें झडप धरून उभा असलेला नोकर जरा चुकला कीं पीप फुटे. ल्यूबेक गांवच्या हाइन्रिख ड्रेगर यानें १८८९ सालीं या कामासाठीं दाब उतरविणारी एक भरंवशाची झडप बाजारांत आणली. पुढें खाणींतील माणसांच्या श्वासयंत्रांसाठीं त्याच्या कारखान्याचें नांव जगभर झालें. आमच्या सोवळ्या स्वयंपाकघरांत जाऊन बसलेल्या वस्तूचें कूळ असें गुत्त्यापर्यंत जाऊन पोंचतें. पण कुळाचा शोध फार खोल करूं नये असें आपल्याकडे म्हणतातच.

१९१० च्या सुमारास वॉल्टर स्नेलिंग या अमेरिकन रसायनज्ञानें पेट्रोलांतून उडून जाणाऱ्या वाफांचा अभ्यास केला आणि त्यांत प्रोपेन व ब्यूटेन हे दोन वायु मुख्य आहेत असें दाखविलें. हे दोन्ही वायु साधारण दाबाखालीं द्रव होतात, आणि द्रव झाले म्हणजे सुमारें अडीचशें पट कमी जागेंत मावतात. आपल्या टाकींत खळखळणारें जें कांहीं असतें तें हेंच. मुंबईजवळ तुर्भें-माहुल भागांत १९५४ व १९५५ सालीं तेलशुद्धीचे दोन मोठे कारखाने सुरू झाले आणि १९५५ पासून बर्मा-शेल कंपनी ‘बर्शेन’ या नांवानें मुंबईंत हा वायु विकूं लागली. १९६५ च्या ऑक्टोबरांत कलकत्त्यास ‘इंडेन’ची पहिली जोडणी झाली. १९७४ सालीं एस्सोचें आणि १९७६ सालीं बर्मा-शेलचें राष्ट्रीयीकरण झालें. आमच्या घरीं गॅस आला तो त्यानंतर कांहीं वर्षांनीं. नांव नोंदवून इतकीं वर्षें वाट पाहिली होती कीं टाकी आली त्या दिवशीं आईनें तिला हळदकुंकू लावलें. रेग्युलेटरलाहि लावलें, हें मला आतां आठवतें.

येथें नागपूरचा एक संबंध सांगितला पाहिजे, कारण तो नागपूरकरांनाच क्वचित् ठाऊक असतो. आपल्याकडे स्फोटक पदार्थांचा कायदा १८८४ सालचा आहे आणि त्याची अंमलबजावणी पाहणारें खातें १८९८ सालचें. १९३८ च्या सप्टेंबरांत सरकारनें एक अधिसूचना काढली कीं धातूच्या भांड्यांत दाबून भरलेला वायु हा कायद्याच्या दृष्टीनें स्फोटक पदार्थ समजावा. त्या आधारावर १९४० सालीं गॅस सिलिंडरचे पहिले नियम झाले. ते पुढें १९८१, २००४ आणि २०१६ सालीं नव्यानें करण्यांत आले. या खात्याचें आजचें नांव पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना, आणि तिची मुख्य कचेरी आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. टाकी, तिची झडप आणि तिच्यावरील रेग्युलेटर कारखान्यांत तयार करावयाचा तर संमति मागावी लागते ती येथें. त्या टेकडीवर सकाळीं फिरावयास जाणाऱ्या शेंकडों मंडळींत मीहि एक आहें, आणि वर्षानुवर्षें ती पाटी वाचूनहि तिचा अर्थ माझ्या डोक्यांत शिरला नव्हता.

आतां ही डबी आंतून कशी असते तें पाहूं. आंत रबराचा एक लवचिक पडदा असतो. पडद्याच्या वरच्या अंगाला स्प्रिंग आणि बाहेरची हवा. खालच्या अंगाला शेगडीकडे जाणारा वायु. पडद्याला एक तरफ जोडलेली असून तिच्या दुसऱ्या टोकाला, टाकींतून वायु येतो त्या बारीक भोंकावर, एक बोंडूक असतें. शेगडीकडील दाब वाढला कीं पडदा वर उचलतो आणि बोंडूक भोंक बंद करूं लागतें. शेगडीनें वायु ओढला कीं पडदा खालीं येतो आणि भोंक उघडतें. डबीच्या झांकणाला एक सूक्ष्म छिद्र असतें तें पडद्याला श्वास घेतां यावा म्हणून. रंग देतांना अगर स्वच्छतेच्या उत्साहांत तें बुजवूं नये. क्लेगच्या घंटेच्या जागीं पडदा आला आणि पाण्याच्या जागीं स्प्रिंग आली. तत्त्व तेंच आहे.

या डबीवर काम किती पडतें तें नागपुराइतकें दुसऱ्या गांवीं क्वचितच कळेल. येथें मे महिन्यांत पारा ४७ अंशांच्या पुढें गेलेला आहे आणि २०१८ च्या डिसेंबरांत तो ३.५ अंशांवर उतरलेला आहे. द्रव वायूचा टाकींतील दाब उष्णतेबरोबर चढतो आणि थंडीबरोबर उतरतो. वैशाखांत तो दर चौरस सेंटिमीटरला कित्येक किलोग्रॅम असतो. पौषांतल्या पहाटे त्याचा थोडा अंश उरतो. आणि शेगडीला हवा असतो तो बारमास सारखाच, दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम. म्हणजे ३० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा, मुलांच्या पट्टीनें मोजण्यासारखा. वैशाखांत शेंकडों पटींचा हा उतार ती तळहाताएवढी डबी निमूटपणें सांभाळते.

आपल्या देशानें घरगुती उपकरणांसाठीं हा ३० ग्रॅमचा आंकडा धरला. इतर देशांचे आंकडे निराळे झाले, आणि माझी चूक येथेंच होती. इंग्लंड-फ्रान्समध्यें ब्यूटेनसाठीं सुमारें २८ मिलिबार आणि प्रोपेनसाठीं ३७ मिलिबार. जर्मनींत ५० मिलिबार. एका देशांतील माणूस आपली फिरती गाडी घेऊन दुसऱ्या देशांत गेला तर त्याची टाकीहि जुळेना आणि दाबहि जुळेना. या गोंधळाला कंटाळून युरोपांतील राष्ट्रांनीं या शतकाच्या आरंभीं अशा नव्या गाड्यांसाठीं ३० मिलिबार हा एकच दाब ठरविला आणि रेग्युलेटर टाकीवर न लावतां गाडीच्या भिंतीवर पक्का बसवावा अशी रीत पडली. योगायोग असा कीं आपले ३० ग्रॅम म्हणजे सुमारें २९.४ मिलिबार, तेव्हां नवा युरोपीय हीटर आपल्या घरगुती दाबावर चालण्यास अडचण नाहीं. पण माझ्या स्नेह्यांचा हीटर जुना होता आणि त्याच्या कुशीवरील धातूच्या पाटीवर ५० मिलिबार असें स्पष्ट कोरलेलें होतें. मीं पाटी वाचली नाहीं.

भोंकांतून निघणारा वायु दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असतो. पन्नासाच्या ठिकाणीं तीस दिल्यावर वायु सुमारें तीन-चतुर्थांशच निघूं लागला. ज्योत खुरटली, आणि ज्योत विझली तर वायु आपोआप बंद करणारी जी व्यवस्था अशा हीटरांत असते, तिला पुरेशी ऊब न मिळाल्यामुळें ती थोड्या थोड्या वेळानें हीटर बंद करूं लागली. येथपर्यंत नुकसान कांहींच नव्हतें. पण स्नेही थांबले नाहींत. कोणा मिस्त्रीनें त्यांना हॉटेलांतल्या भट्टीला लावतात तसा, चाकीनें दाब कमीजास्त करतां येणारा रेग्युलेटर आणून दिला. चाकी थोडीशीच फिरविली तरी तो अर्ध्या किलोग्रॅमचा दाब देतो, पन्नासाच्या दसपट. दसपटीचें वर्गमूळ तीनाहून अधिक. तिप्पट वायु आंत गेला आणि त्याला जाळावयास लागणारी हवा तेवढ्या प्रमाणांत गेली नाहीं. निळी ज्योत पिंवळी झाली आणि लांबली. हवा अपुरी पडली म्हणजे वायु अर्धवट जळतो आणि त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. थंडीची रात्र होती, अंगणांत उभ्या असलेल्या गाडीचीं दारें लावून दोघें आंत हीटरची परीक्षा पाहत बसलीं होतीं. वहिनींचें डोकें दुखूं लागलें आणि मळमळूं लागलें. त्यांनीं दार उघडलें तें केवळ ओकारी येईल म्हणून. छताला काजळीचा पट्टा उमटलेला त्यानंतर दिसला.

दुसऱ्या दिवशीं त्यांच्याकडे गेलों तेव्हां वहिनी मला कांहीं बोलल्या नाहींत; चहा मात्र आणून ठेवला. त्यानंतर मीं जें पंधरा दिवस वाचन केलें त्यांतून हें व्याख्यान झालें आहे.

रेग्युलेटर निवडतांना त्याचीं दोन तोंडें दोन ठिकाणीं जुळलीं पाहिजेत. टाकीकडील तोंड टाकीच्या झडपेशीं जुळावें. आपल्या घरगुती टाकीची झडप २२ मिलिमीटरची आहे, परदेशीं मापें निराळीं. बळजबरीनें बसविलेला सांधा गळतो. दुसरें तोंड उपकरणाच्या पाटीवरील दाबाशीं जुळावें, आणि एका नळीवर दोन उपकरणें असतील तर दोघांचा दाब एकच असावा. शिवाय रेग्युलेटर ताशीं किती वायु देऊं शकतो हें पाहावें लागतें. हा वायु एक किलोग्रॅम जाळला तर सुमारें पावणेतेरा किलोवॉट-तास उष्णता मिळते. हीटर चार किलोवॉटचा आणि शेगडीचीं दोन्ही चुलाणीं मिळून चार, तर एकाच वेळीं पेटविल्यास ताशीं सवासहाशें ग्रॅमच्या आसपास वायु लागेल. याहून कमी शक्तीचा रेग्युलेटर असेल तर चहाचें आधण ठेवतांक्षणीं हीटरची ज्योत मिटूं लागेल. मर्डॉकनंतरच्या लंडनांत शेजाऱ्यापायीं मलूल होणाऱ्या दिव्यांसारखीच ही गोष्ट.

मात्र एक अडचण कोणत्याहि रेग्युलेटरच्या हातची नाहीं. तो दाब उतरवितो, चढवीत नाहीं. ब्यूटेन शून्याच्या जरा खालींच उकळतो. म्हणजे पाणी गोठूं लागलें कीं ब्यूटेनची वाफ होणें जवळजवळ थांबतें. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळत राहतो. आपल्या टाकींत दोहोंचें मिश्रण असतें. थंडींत त्यांतला प्रोपेन आधीं उडून जातो आणि तळाशीं ब्यूटेन राहतो, तेव्हां टाकी हलविली तर आंत खळखळ ऐकूं येते आणि शेगडी मात्र पेटत नाहीं. शिवाय वाफ होतांना द्रव आपलीच उष्णता खर्च करतो, म्हणून हीटरसारखें भुकेलें उपकरण लावलें तर टाकी आणखी थंड होते. युरोपांत हिंवाळ्यांत फिरणारे लोक म्हणूनच निव्वळ प्रोपेन घेतात.

घरची अनुदानाची टाकी स्वयंपाकाव्यतिरिक्त वापरण्यास कायद्याची मनाई आहे. प्रवाशांना सोयीची अशी पांच किलोग्रॅमची टाकी २०१३ पासून पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळूं लागली, ती माझ्या स्नेह्यांनीं घेतली. गाडींत तिला बाहेरून उघडणारा स्वतंत्र कप्पा केला आणि कप्प्याच्या तळाला भोंकें ठेवलीं. कारण हा वायु हवेहून जड असतो, गळला तर वर न जातां जमिनीवर पसरतो आणि तळाशीं वाट असली तरच निघून जातो. जुना हीटर त्यांनीं काढून टाकला. नवा घेतला तो ३० मिलिबारचा, जळणासाठीं हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा. त्याचा व माणसांच्या श्वासाचा संबंधच येत नाहीं. गाडी चालतांना टाकीची झडप बंद ठेवावयाची असा नियम वहिनींनीं केला आणि तो कागदावर लिहून चालकाच्या समोर चिकटविला. पाटी मीं या वेळीं चष्मा लावून वाचली, आणि पाण्याच्या नळीनें दाबहि मोजून पाहिला. तीस सेंटिमीटरला केंसभर कमी भरला.

फाल्गुन संपतां संपतां तीं दोघें निघालीं. श्रीनगरास पोंचलीं तेव्हां बदाम फुलले होते. हीटर एकंदर पांच रात्रीं लावावा लागला. पांचव्या रात्रीं, बनिहालच्या अलीकडे, टाकी अर्ध्यावर आलेली असतांना ज्योत लहान लहान होत गेली. स्नेह्यांनीं टाकी हलवून पाहिली तों आंत खळखळत होतें. तेव्हां त्यांनीं झडप बंद केली, आणि नागपुराहून नेलेल्या दोन्ही दुलया काढल्या, असें वहिनींनीं मला परत आल्यावर सांगितलें.